मोठी घरे, लहान घरे आणि बंद घरे

एखाद्या आलिशान घराचे छायाचित्र प्रसिद्ध झाले की आपल्याकडे एक ठरावीक वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, पैसा ज्याने मिळवला त्याने तो हवा तसा खर्च करावा. घर बांधताना गवंडी, सुतार, रंगारी अशा शेकडो हातांना काम मिळाले, यात कोणाचे काय बिघडले? दुसरा पक्ष म्हणतो, ज्या देशात कोट्यवधी कुटुंबे एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि आजारपण उरकतात, त्या देशात असे प्रदर्शन अशोभनीय आहे. माणसाला खरी गरज असते ती थोडा उजेड, थोडा वारा आणि जवळच्या माणसांची. मुंबईतील २७ मजली निवासस्थान उभे राहिले तेव्हा हा वाद झाला आणि पुढेही होत राहील. दोन्ही पक्ष या प्रश्नाकडे अभिरुचीचा किंवा नीतीचा प्रश्न म्हणून पाहतात. मला तो मुख्यतः सार्वजनिक धोरणाचा प्रश्न वाटतो. त्या दृष्टीने पाहिले की घर मोठे आहे की लहान, यापेक्षा दोन वेगळे प्रश्न पुढे येतात. घर वापरात आहे की बंद आहे? आणि त्या घराची पूर्ण किंमत घरमालक मोजतो की इतरांकडून वसूल होते?

साधेपणाचा उपदेश करण्याचा अधिकार निवृत्त सनदी अधिकाऱ्याला फारसा नसतो, हे आधीच सांगितलेले बरे. ब्रिटिशांनी जिल्ह्याच्या ठिकाणी बांधलेले प्रशस्त बंगले, त्यांची आंब्या-चिंचेची आवारे, दिमतीला असलेले माळी आणि शिपाई हे सारे मी नोकरीच्या काळात उपभोगले आहे. तेव्हा मोठ्या घराचे सुख मला ठाऊक आहे, आणि त्यासाठी लागणारा खर्च माझ्या खिशातून गेलेला नाही, हेही ठाऊक आहे. या लेखातील विचाराचे मूळ या दुसऱ्या जाणिवेत आहे.

या वादाच्या दोन्ही बाजू एकाच प्रदेशात पाहायच्या असतील तर केरळकडे पाहावे. लॉरी बेकर या इंग्रज वास्तुरचनाकाराने याच राज्यात काटकसरीच्या घरांचा मोठा प्रयोग केला. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले बेकर कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आले, पिथोरागढच्या डोंगरांत दीड दशकाहून अधिक काळ राहिले आणि पुढे पत्नी डॉ. एलिझाबेथ यांच्यासह केरळात स्थायिक झाले. आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेले असावे, हा गांधीजींकडून ऐकलेला विचार ते आयुष्यभर सांगत राहिले. विटा उभ्या लावून भिंतीच्या आत पोकळी ठेवणारी त्यांची बांधणी सुमारे चतुर्थांश विटा वाचवते. छताच्या काँक्रीटमध्ये जुनी कौले भरून सिमेंट आणि लोखंड वाचवायचे, खिडक्यांऐवजी विटांच्या जाळ्या ठेवायच्या, गिलावा शक्यतो टाळायचा, अशी त्यांची रीत होती. अच्युत मेनन मुख्यमंत्री असताना तिरुवनंतपुरमजवळ उभारलेली ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ ही संस्था या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या ‘कॉस्टफोर्ड’ या संस्थेने ही पद्धत पुढे नेली.

त्याच दशकांत त्याच केरळात नेमका उलट प्रवाह वाहत होता. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, आखाती देशांत कामगारांची मागणी वाढली आणि मलबारपासून मध्य केरळापर्यंतच्या गावांत परदेशी पैसा येऊ लागला. या पैशातून दुमजली-तिमजली घरे उभी राहिली. दर्शनी भागात उंच खांब, संगमरवरी फरशी, भडक रंग, मोठे फाटक. बाहेरून आलेल्या सुशिक्षित पाहुण्याला ती पाहून नाक मुरडण्याचा मोह होतो. बेकरांच्या लाल विटांच्या घराचे तो कौतुक करतो आणि आखाती घराची टिंगल करतो.

या टिंगलीत इतिहासाचे अज्ञान आहे. विल्यम लोगन हा मलबारचा जिल्हाधिकारी होता. त्याने १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मलबार मॅन्युअल’मध्ये नोंदवले आहे की या प्रदेशात ‘घर’ या अर्थाचा शब्दच राहणाऱ्याच्या जातीनुसार बदलत असे. नंबूदिरी ब्राह्मणाचे ते ‘इल्लम’, राजाचे ‘कोविलकम’, नायराचे ‘वीडु’, ताडी काढणाऱ्याचे वा सुताराचे ‘पुरा’ किंवा ‘कुडी’, आणि शेतावर राबणाऱ्या दासाचे ‘चाळा’. कौलारू छप्पर घालण्याचीही सर्वांना मुभा नव्हती. खालच्या मानलेल्या जातींनी झावळ्या आणि गवताखालीच राहावे असा दंडक होता. ज्याच्या पणजोबाच्या निवाऱ्याला ‘घर’ म्हणण्याचीही सोय नव्हती, त्याने वाळवंटात वीस वर्षे राबून गावात खांबांचे दुमजली घर बांधले, तर त्या खांबांचा अर्थ केवळ वास्तुशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

मराठी वाचकाला यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले आणि तेथील माती-बांबूची कुटी जगभर साधेपणाचे प्रतीक ठरली. त्याच दशकाच्या आरंभी डॉ. आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले आणि त्यात आपला प्रचंड ग्रंथसंग्रह ठेवला. दिवाणाच्या मुलाने कुटीत जाणे हा त्याग होता. ज्याला शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात बसवले गेले, त्याने ग्रंथांसाठी प्रशस्त वास्तू बांधणे हा हक्काचा उच्चार होता. या दोन वास्तूंतील एक निवडून दुसरीला कमी लेखणे हा अन्यायच ठरेल. साधेपणाला मोल येते ते निवड करण्याची सोय असली तर.

म्हणून लहान घराची स्तुती करताना सावध राहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ साली शहरी भागातील घरांची तूट १ कोटी ८७ लाख ८० हजार इतकी काढली होती. या आकड्याचा सर्वांत मोठा भाग बेघरांचा नव्हता. सुमारे दीड कोटी कुटुंबे तुटीत धरली गेली ती दाटीमुळे. म्हणजे त्यांना छप्पर होते, पण विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नव्हती. या कुटुंबांना ‘आटोपशीर’ घराचे सौंदर्य ऐकवणे ही थट्टा आहे. दहावीच्या परीक्षेचा अभ्यास जिन्यात बसून करणाऱ्या मुलीला आणि दूरचित्रवाणीच्या आवाजात झोपण्याचा प्रयत्न करणाऱ्या क्षयरुग्णाला आणखी दहा चौरस मीटर जागेची किंमत अर्थशास्त्रज्ञापेक्षा अधिक कळते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले, शहरी भागात दुर्बल घटकांसाठी चटई क्षेत्रफळाची मर्यादा ३० चौरस मीटर ठेवली गेली. सरकारी तिजोरीची ओढाताण लक्षात घेता हे समजण्यासारखे आहे. मात्र त्याला साधी राहणी म्हणू नये. ती टंचाई आहे.

इथपर्यंत मोठ्या घराची बाजू भक्कम दिसते. तिला पहिला तडा जातो तो कुलपामुळे. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. केरळात शहरी आणि ग्रामीण मिळून दर दहा घरांमागे एक घर रिकामे होते. २०२१ची जनगणना वेळेवर होऊ शकली नाही, त्यामुळे धोरण ठरवणाऱ्यांना बराच काळ याच आकड्यांवर विसंबावे लागले. एकीकडे पावणेदोन कोटींहून अधिक घरांची तूट आणि दुसरीकडे कोटीहून अधिक रिकामी घरे, या दोन्ही गोष्टी एकाच देशात एकाच वेळी खऱ्या होत्या. रिकामी घरे नेमकी गरज असलेल्या ठिकाणी नसतात, गरजूंना परवडणारी नसतात, आणि त्यांपैकी अनेक केवळ पैसा गुंतवून ठेवण्याची जागा असतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवे काही दिसत नाही. तमिळनाडूतील चेट्टिनाडमध्ये नाट्टुकोट्टई चेट्टियार सावकारांनी ब्रह्मदेश, सिलोन आणि मलायातील व्यापाराच्या जोरावर एकामागून एक चौक असलेले वाडे बांधले. त्यांना ब्रह्मदेशातील सागवानाचे खांब होते आणि इटलीतून आणलेला संगमरवर होता. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला, व्यापाराचा पाया ढासळला, आणि पुढच्या पिढ्यांत अनेक वाड्यांचे खांब-दरवाजे सुटे करून विकले गेले. राजस्थानच्या शेखावाटीतील व्यापारी कलकत्त्याला आणि मुंबईला गेले. नवलगढ, मंडावा, फतेहपूर येथील त्यांच्या चित्रांनी मढवलेल्या हवेल्या राखणदारांच्या हाती राहिल्या. कोकणात आणि गोव्यात गणपतीपुरती किंवा नाताळापुरती उघडणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. माणूस जिथून निघून जातो, तिथेच तो सर्वांत मोठे घर बांधतो, कारण ते घर ज्यांना दाखवायचे ते लोक तिथे असतात. केरळचे आखाती घर याच परंपरेतील आहे. फरक इतकाच, की आज त्यातील अनेक घरांत वृद्ध आई-वडील एकटे राहतात. वरच्या मजल्यावर चढणे त्यांना जमत नाही, सहा खोल्यांचा केर काढणे झेपत नाही आणि मुले दोन वर्षांतून एकदा येतात. अशा घरात मालकाला सुख नाही, भाडेकरूला आसरा नाही आणि समाजालाही उपयोग नाही.

मोठ्या जागेला दोष देण्याचे कारण इथेही नाही. केरळचे जुने नायर ‘नालुकेट्टु’ घर मधल्या चौकाभोवती चार बाजूंनी बांधलेले असे आणि ते आजच्या अनेक बंगल्यांहून मोठे होते. पण त्यात मातृवंशीय कुटुंबाच्या तीन-चार पिढ्या नांदत. माणशी हिशेब केला तर ते काटकसरीचे घर ठरेल. एकत्र कुटुंबे कायद्यानेही विसर्जित झाली, कुटुंबे लहान झाली आणि घरे मात्र आकुंचन पावली नाहीत.

दुसरा प्रश्न किमतीचा. बांधणारा सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांचे पैसे देतो. डोंगराचे, नदीचे आणि शेताचे पैसे कोण देतो? केरळातील घरांना लागणारा दगड आणि दगडापासून केलेली वाळू पश्चिम घाटाच्या खाणींतून येते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११च्या अहवालात घाटातील अशा खाणींवर बंधने सुचवली तेव्हा केरळात तिला तीव्र विरोध झाला. नदीतील वाळू इतकी उपसली गेली की २००१ साली राज्याला नदीकाठांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. भातखाचरे बुजवून घरे बांधण्याची लाट थोपवण्यासाठी २००८ साली आणखी एक कायदा झाला. १९७०च्या दशकाच्या मध्यास राज्यात सुमारे पावणेनऊ लाख हेक्टरांवर भात होता. आता तो साधारण दोन लाख हेक्टरांवर आला आहे. ही सारी घट घरांमुळे झाली असे कोणी म्हणणार नाही. नगदी पिकांचा आणि महाग मजुरीचा त्यात मोठा वाटा आहे. पण बुजवलेल्या खाचरात पूर्वी मुरणारे पावसाचे पाणी आता शेजाऱ्याच्या अंगणात शिरते, आणि त्याची भरपाई बांधणाऱ्याच्या अंदाजपत्रकात कुठेही नसते.

मग घराच्या आकारावर कायद्याने मर्यादा घालावी का? हा प्रयोग आपण करून पाहिला आहे, याचा अनेकांना विसर पडला आहे. १९७६चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा केवळ मोकळ्या भूखंडांपुरता नव्हता. नव्या निवासी घराचे जोते क्षेत्रफळ मोठ्या शहरांत ३०० आणि लहान शहरांत ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक असू नये, अशी तरतूद त्यात होती. हेतू उदात्त होता. प्रत्यक्षात जमिनी न्यायालयीन वादांत अडकल्या, सवलतीचे अधिकार मंत्रालयांच्या हाती एकवटले, सवलती मिळवणारा मध्यस्थांचा वर्ग तयार झाला आणि शहरांत जमिनीची टंचाई वाढली. गरिबांच्या घरांसाठी हाती आलेली जमीन नगण्य होती. १९९९ साली केंद्राने कायदा रद्द केला, महाराष्ट्राने २००७ साली. ज्या बंदीला फाईलवरच्या एका सहीने अपवाद करता येतो, ती बंदी श्रीमंतांना कधीच अडवत नाही, हा धडा प्रशासनातील माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही.

केरळने अधिक समजूतदार मार्ग घेतला. १ एप्रिल १९९९ नंतर पूर्ण झालेल्या, २७८.७ चौरस मीटर म्हणजे ३००० चौरस फूट किंवा त्याहून अधिक जोते क्षेत्रफळाच्या घरांवर राज्याने दरवर्षी चैन कर बसवला. आरंभी तो २००० रुपये होता. पुढे तो वाढवला गेला आणि घराच्या आकारानुसार टप्पे पडले. घर बांधायला मनाई नाही, पण अतिरिक्त आकाराचे काही मोल मोजावे, हे तत्त्व मला योग्य वाटते. त्रुटी अशी की हा कर आकार मोजतो, वापर मोजत नाही. ३२०० चौरस फुटांत राहणारे दहा जणांचे कुटुंब तो भरते. २९०० चौरस फुटांचे वर्षभर बंद असलेले घर सुटते. ही उणीव भरून काढण्यासाठी फेब्रुवारी २०२३च्या अर्थसंकल्पात केरळच्या अर्थमंत्र्यांनी रिकाम्या घरांवर अतिरिक्त कराचा प्रस्ताव मांडला. त्यावर टीका झाली, परदेशस्थांच्या भावनांचा मुद्दा पुढे आला आणि काही दिवसांतच सरकारने तो प्रस्ताव बाजूला ठेवला. ज्या राज्याची अर्थव्यवस्था परदेशातून येणाऱ्या पैशावर उभी आहे, तेथे हे घडणे स्वाभाविक होते. परंतु प्रश्न त्यामुळे संपला नाही.

केंद्राचे धोरण तर उलट दिशेने जात आहे. पूर्वी एका स्वतःच्या घराचे वार्षिक भाडेमूल्य आयकरासाठी शून्य धरले जाई आणि दुसरे घर बंद असले तरी त्याचे काल्पनिक भाडे उत्पन्नात मिळवावे लागे. २०१९ मध्ये दुसऱ्या घरालाही ही सवलत मिळाली आणि २०२५च्या अर्थसंकल्पाने त्यासाठीच्या अटीही काढून टाकल्या. संपत्ती कर २०१५च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. भांडवली नफा नव्या घरात गुंतवला तर मिळणाऱ्या करमाफीला २०२३ पर्यंत वरची मर्यादाच नव्हती. शंभर कोटींचे घर घेणाऱ्यालाही ती पूर्ण मिळत असे. आता ती दहा कोटींवर थांबते. दहा कोटी रुपयांच्या घरखरेदीला सार्वजनिक तिजोरीने हातभार लावावा, आणि दुसरीकडे परवडणाऱ्या घरासाठीच्या एक टक्का वस्तू व सेवा कराच्या सवलतीला ४५ लाखांची मर्यादा असावी, जी मोठ्या शहरांत अनेकांना ओलांडावीच लागते, याचे समर्थन करणे कठीण आहे. आलिशान घरावर टीका करणारे बहुतेक जण मालकाला दोष देतात. त्या घराच्या किमतीत आपलाही काही वाटा आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

यावरून करण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत. दुसऱ्या घराचे काल्पनिक भाडे पुन्हा करपात्र करावे. ते प्रत्यक्ष भाड्याने दिले असेल तर सवलत द्यावी. महापालिकांच्या मालमत्ता करात बंद घराला अधिक दर लावावा. यासोबत घरमालकाची भीतीही दूर केली पाहिजे. भाडेकरू घर सोडणार नाही, या धास्तीने अनेकजण कुलूप लावणे पसंत करतात. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात घरभाड्याची अनामत दोन महिन्यांपुरती मर्यादित केली आहे आणि वादांसाठी स्वतंत्र यंत्रणा सुचवली आहे. बहुतेक राज्यांनी तो अद्याप अंगीकारलेला नाही. खाणींवरील स्वामित्वशुल्क आणि जमीन-रूपांतराचे शुल्क डोंगराच्या आणि पाण्याच्या नुकसानीशी जोडावे. म्हणजे मोठे घर बांधणारा ते बांधेलच, पण पूर्ण किंमत देऊन.

लहान घरांच्या बाबतीत कसोटी वेगळी हवी. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी १९८०च्या दशकात इंदूरजवळ ‘अरण्य’ वसाहत आखली. सुमारे ६५०० निवासांच्या या वसाहतीत सर्वांत गरीब कुटुंबांना साधारण ३५ चौरस मीटरचा भूखंड, जोते, शौचालय, पाणी आणि वीज एवढेच देण्यात आले. पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे होते. अनेक कुटुंबांनी मजले चढवले, दुकाने काढली, खोल्या भाड्याने दिल्या. आज गरिबांसाठी उभारल्या जाणाऱ्या बहुमजली इमारतीतील ३० चौरस मीटरची सदनिका मात्र कधीच वाढत नाही. मुलगा मोठा होतो, सून येते, भिंत तिथेच राहते. लहान घर हे आरंभ असावे. ते आयुष्यभराचे कुंपण होऊ नये, एवढे तरी गृहनिर्माण धोरणाने पाहावे.

शेवटी सरकारने स्वतःच्या घरांकडेही पाहावे. १९४८ साली गव्हर्नर जनरल झालेल्या राजाजींनी ३४० खोल्यांच्या वास्तूत व्हाइसरॉयचे प्रशस्त शयनगृह सोडून पाहुण्यांसाठीच्या लहान दालनांत राहणे पत्करले. तरीही दिल्लीच्या मध्यभागी पंचवीस चौरस किलोमीटरांहून मोठा बंगल्यांचा पट्टा आजही विरळ वस्तीचा आहे, आणि त्याच दिल्लीतील कारकून, परिचारिका आणि सफाई कामगार रोज दोन-दोन तास प्रवास करून कामावर येतात. जिल्ह्याच्या ठिकाणांच्या मोक्याच्या जागांवरही हेच चित्र आहे. त्या आवारांतील जुनी झाडे आणि वारसा-वास्तू जपूनही कर्मचाऱ्यांसाठी घरे बांधता येतील. ज्या अधिकाऱ्याच्या बंगल्याची देखभाल सार्वजनिक बांधकाम खाते करते, त्याने आखाती कामगाराच्या खांबांना हसू नये. आणि बंद घरावर कर लावण्याचा प्रस्ताव त्याने मांडायचा असेल, तर त्याची सुरुवात रिकाम्या सरकारी निवासस्थानांच्या यादीपासून करावी.